‘स्वच्छ’ची दारोदार कचरा संकलन सेवा: आमच्या सोसायटीचा सात वर्षांचा अनुभव

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या सोसायटीत तीन इमारती आणि 64 सदनिका आहेत, आणि गेली सात वर्षे येथील कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या दोन सभासद महिला गोळा करीत आहेत. यांपैकी बहुतेक काळ मी सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे ही सेवा ग्राहक म्हणून आणि व्यवस्थापनाच्या बाजूनेही जवळून पाहता आली. शेजारच्या काही सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी अलीकडे या सेवेविषयी विचारणा केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोघी सकाळी आठच्या सुमारास येतात, लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर जातात आणि एकेक दार घेत खाली उतरतात. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या बादल्यांत घेतला जातो. ओला कचरा ढकलगाडीतून फीडर पॉइंटवर, म्हणजे महापालिकेची गाडी जेथे येते त्या ठरलेल्या ठिकाणी, पोहोचवला जातो. सुका कचरा आमच्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात निवडला जातो आणि त्यातून विकण्याजोगा जो माल निघतो त्यावर पूर्ण हक्क त्या दोघींचा असतो. प्रत्येक सदनिकेमागे महिन्याला शंभर रुपयांच्या आत शुल्क आहे, ते थेट त्यांच्या हाती दिले जाते आणि त्याची पावती मिळते. महापालिका त्यांना पगार देत नाही. ढकलगाडी, बादल्या, हातमोजे, रेनकोट यांसारखी साधने पुरवण्याची जबाबदारी करारानुसार महापालिकेची आहे, आणि उपजीविका मात्र नागरिकांनी दिलेले शुल्क आणि भंगाराची विक्री या दोन गोष्टींवर चालते. ही रचना प्रथम नीट समजून घेतली पाहिजे, कारण सेवेचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या रचनेतूनच येतात.

त्याआधी आम्ही एका खासगी ठेकेदाराकडे हे काम सोपवले होते. सुरक्षारक्षकांनी पिशव्या खाली आणून ठेवायच्या आणि टेम्पो येऊन त्या उचलून नेणार, अशी सोय होती. ओले-सुके काहीही वेगळे होत नसे. टेम्पोवरचा मुलगा दर महिना-दोन महिन्यांनी बदलत असे, त्याच्या हातात मोजे नसत, आणि त्याचे नाव विचारण्याचा प्रसंग आमच्यापैकी कोणावर कधी आला नाही, हे आज लिहिताना मला मनापासून खटकते. एके दिवशी जवळच्या ओढ्याच्या उतारावर पडलेल्या ढिगात आमच्याच रहिवाशांची नावे असलेली कुरिअरची पाकिटे सापडली, तेव्हा आमचा कचरा नेमका कोठे जातो याचा शोध आम्ही प्रथमच घेतला. ठेकेदार बदलण्याची चर्चा सुरू असताना एका ज्येष्ठ सभासद बाईंनी ‘स्वच्छ’चे नाव सुचवले. आमच्यातील बऱ्याच जणांना ती गरिबांना मदत करणारी एखादी धर्मादाय संस्था वाटली होती. तो समज दूर व्हायला वेळ लागला, आणि तो दूर झाल्याशिवाय या सेवेची किंमत कळत नाही, असे माझे मत आहे.

पुण्यातील कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुतेक मातंग, नवबौद्ध अशा दलित समाजांतील आहेत. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून जी कुटुंबे शहरात आली, त्यांतील अनेक जणी या कामाकडे वळल्या. हातात जमीन नाही, अक्षरओळख नाही, ओळखीचा माणूस नाही. धुण्याभांड्यांची कामे मागायला गेले तर जात विचारली जाई आणि ती ऐकल्यावर स्वयंपाकघराचे दार बंद होई. बांधकामावर मुकादमाची मर्जी सांभाळावी लागे आणि तान्हे मूल घेऊन जाणे अवघड असे. उकिरड्यावर मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. कागद, काच, पत्रा वेचून भंगाराच्या दुकानात नेला की त्याच दिवशी रोख पैसे मिळत आणि कोणाची हुकमत सोसावी लागत नसे. श्रमाच्या बाजाराने ज्यांना आत घेतले नाही, त्यांनी स्वतःचे काम असे स्वतःच शोधून काढले. ते काम शहराच्या उपयोगाचे होते, कौशल्याचे होते, फक्त त्याला कोणी काम म्हणत नव्हते. पोलीस चोरीचा आळ घेत, रहिवासी हाकलून देत, कुत्री अंगावर येत.

या स्त्रियांसाठी नवीन रोजगार शोधावा, शिवणकाम शिकवावे, पापड लाटायला बसवावे, असा विचार पुष्कळांच्या मनात प्रथम येतो. आमच्या सोसायटीच्या सभेतही तो चांगल्या भावनेने मांडला गेला होता. पुण्यात 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी वस्त्यांमध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांना दिसले की या स्त्रियांना धंदा बदलून नको आहे, आहे त्याच धंद्यातील हाल कमी व्हायला हवे आहेत. कचराकुंडीत सडलेल्या मिश्र ढिगात हात घालण्याऐवजी घराघरांतून वेगळा केलेला कचरा मिळाला तर काम स्वच्छ होते, वेळ वाचतो आणि मालाला भावही बरा मिळतो. अशी व्यवस्था काही ठिकाणी बसू लागली असतानाच मोटारगाडीने कचरा उचलणारा व्यावसायिक तेथे उतरला आणि बायकांच्या हातचा माल जाण्याची वेळ आली. त्या संघर्षातून, हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली, 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. 1990 च्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. गळ्यात अडकवलेले ते कार्ड पाहिल्यावर पोलीस चौकीतील वागणूक कशी बदलते, हे आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी मला एकदा जिन्यात उभ्या राहून समजावून सांगितले होते. पुढे काही वर्षांत नोंदणीकृत कचरावेचकांसाठी महापालिकेने वैद्यकीय विमा सुरू केला. दारोदार संकलनाची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था याच पंचायतीतून निघाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पहिला, पाच वर्षांचा करार झाला. आज तिचे तीन हजारांहून अधिक सभासद शहरात काम करतात.

आता प्रत्यक्ष सेवेकडे येतो. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे वर्गवारी, आणि या बाबतीत कोणत्याही यंत्राने किंवा ठेकेदाराने दोघींची बरोबरी केल्याचे मी पाहिलेले नाही. आमच्या दृष्टीने प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक. त्यांच्या दृष्टीने दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली, तुटलेली खुर्ची, पातळ कॅरीबॅग आणि वेफर्सचे चकचकीत पाकीट या सहा निरनिराळ्या वस्तू आहेत, त्यांतील प्रत्येकीचा भाव वेगळा आहे आणि शेवटच्या वस्तूला बहुधा भावच नाही. बाटली हातात घेऊन किंचित दाबली की ती कोणत्या गोणीत जाणार, हे त्यांना कळते. पुठ्ठा कोरडा असेल तर पैसे, तेलकट असेल तर ओझे. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्यावी, दुधाची पिशवी विसळून वाळवून द्यावी, रंगाचा आणि औषधांचा कचरा बाजूला ठेवावा, हे सगळे आम्हाला त्यांनी शिकवले. पहिल्या दोन महिन्यांत मिश्र पिशवी देणाऱ्या घरांना त्यांनी शांतपणे पिशवी परत दिली. “ताई, एवढं वेगळं करून द्या, माझ्या हाताला लागतंय,” एवढेच त्या म्हणत. सोसायटीने सूचनाफलकावर लावलेल्या परिपत्रकांनी जे साधले नव्हते, ते या एका वाक्याने साधले, कारण आता समोर रोज तेच माणूस होते आणि कचरा कोणाच्या हातात पडतो, हे दिसत होते. आज आमच्याकडे वर्गवारी न करणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

हा परिणाम त्यांच्या मालकीहक्काशी जोडलेला आहे, हे मला इथे ठामपणे नोंदवायचे आहे. ठेकेदाराच्या माणसाला पगार ठरलेला असतो आणि पिशवीत काय आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो; पुष्कळदा ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात, मग कचरा कमी करण्यात कोणाचेच हित उरत नाही. येथे मात्र बाजूला काढलेली प्रत्येक बाटली त्या दोघींच्या कमाईत जमा होते, म्हणून ती बाटली कचरा डेपोवर जात नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षे सोसला आणि त्याविरुद्ध किती वेळा रस्त्यावर उतरले, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातील महत्त्व वेगळे सांगायला नको.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण सोसायट्यांच्या सभेत या विषयावर बोलायला सगळेच कचरतात. वापरलेला पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच टाकला की वर्गवारी करणाऱ्या बाईला तो हाताने उघडून पाहावा लागतो, कारण आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. पंचायतीने आणि ‘स्वच्छ’ने हा प्रश्न आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचाही म्हणून मांडला. 2013 मध्ये कचरावेचक महिलांनी वापरलेल्या पॅडच्या गोणी उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. तुमच्या उत्पादनाची विल्हेवाट कशी लावायची, हे तुम्हीच सांगा, असा त्यामागचा सरळ प्रश्न होता. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अशा उत्पादनांसोबत गुंडाळण्यासाठी पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. ज्या स्त्रियांना मत विचारण्याची कोणाला गरज वाटत नव्हती, त्यांच्या अनुभवातून धोरणाचा विषय उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरगुती पातळीवर उपाय अगदी सोपा आहे: पॅड कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा. आमच्या सोसायटीत हे सुरू करताना काही पुरुष सभासद सभेतून उठून गेले होते. दोघींपैकी वयाने लहान असलेल्या ताई त्या सभेला आल्या होत्या. त्यांनी पाच मिनिटे उभे राहून, आवाज न चढवता, रोज हाताला काय लागते ते सांगितले. त्या महिन्यापासून लाल ठिपके दिसू लागले.

शुल्कावरून मात्र आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. भंगाराचे पैसे त्यांनाच मिळतात, मग वर शुल्क कशासाठी, असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर मी सभेत दिले आहे आणि येथेही देतो. भंगाराचा भाव त्यांच्या हातात नसतो. पुठ्ठ्याचा भाव एका हंगामात चांगला असतो आणि पुढच्या हंगामात निम्म्यावर येतो, शिवाय विक्रीच्या वेगवेगळ्या संकेतस्थळांमुळे रद्दी आणि पुठ्ठे आता रहिवासी स्वतःच विकू लागले आहेत. त्यामुळे चांगला माल दारातूनच कमी येतो आणि बिनभावाचे प्लॅस्टिक वाढत जाते. शुल्क हा 64 घरांचे जिने रोज चढण्या-उतरण्याचा, ओला कचरा वाहून नेण्याचा आणि निवडण्याचा मोबदला आहे. घरातील इंटरनेटचे महिन्याचे बिल याच्या कितीतरी पट असते आणि ते कोणी थकवत नाही. शुल्क गोळा करण्यासाठी त्यांना दारोदार दोनदा-तीनदा जावे लागू नये म्हणून आम्ही तीन वर्षांपूर्वी ते देखभाल खर्चात धरले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला सोसायटीच्या खात्यातून एकरकमी देऊ लागलो. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे, त्यांनी पहिल्या दिवसापासून असेच करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कामाचा मोबदला मागत फिरावे लागले की तो मोबदला घेणाऱ्याला उपकारासारखा वाटू लागतो.

2020 च्या टाळेबंदीत शहर बंद असतानाही दोघी येत राहिल्या. आम्ही मुखपट्ट्या आणि साबण दिले, सोसायटीत विलगीकरणात असलेल्या घरांचा कचरा वेगळा ठेवला. याहून अधिक करता आले असते.

जुने कपडे, पादत्राणे, भांडी, बंद पडलेली विजेची उपकरणे यांच्यासाठी ‘स्वच्छ’ वेगळी संकलन मोहीम घेते, तिचा आम्ही दिवाळीपूर्वी लाभ घेतो. आणि ज्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे, त्यांच्या खतप्रकल्पाची देखरेखही संस्थेचे सभासद करतात. आमच्याकडे असा प्रकल्प दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. त्यामुळे दोघींपैकी मावशींना जड ढकलगाडी ओढण्याचे काम कमी झाले आणि त्यांचे उत्पन्न मात्र कमी झाले नाही. वयस्क सभासदांसाठी ही वाट मला विशेष उपयुक्त वाटते.

मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात, आणि त्या या दोघींच्या किंवा त्यांच्या संस्थेच्या कामातील उणिवा नाहीत, शहराने या कामाला दिलेल्या जागेच्या मर्यादा आहेत. महापालिकेचा कायम सफाई कर्मचारी आजारी पडला तर त्याला पगारी रजा असते, निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतन असते. येथे सभासद आजारी पडली तर बदलीवर येणाऱ्या बाईला त्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. साठीच्या पुढे पाठ आणि गुडघे साथ देत नाहीत. महापालिकेशी होणारा करार ठरावीक मुदतीचा असतो, आणि तो संपत आला की पुढे काय याची चिंता प्रत्येक घरी शिरते, 2021 च्या सुमारास मुदतवाढीचा प्रश्न लांबला तेव्हा आमच्या ताई रोज आम्हालाच विचारीत असत, “दादा, पेपरात काही आलंय का?” तीस वर्षांहून अधिक काळ शहराची सेवा करणाऱ्या माणसांना पुढच्या वर्षी आपले काम राहील की नाही हे वर्तमानपत्रातून कळावे, हे मला अन्यायाचे वाटते. काम अर्थपूर्ण होण्यासाठी ते सन्मानाचे असावे लागते, तसे ते खात्रीचेही असावे लागते. सन्मान या स्त्रियांनी संघटना करून मिळवला आहे. खात्री त्यांना अजून कोणी दिलेली नाही. दोघींच्या मुली शिकत आहेत आणि त्यांनी या कामात येऊ नये असे दोघींनाही वाटते. त्यात मला काहीही वावगे दिसत नाही, मात्र ज्या आज हे काम करीत आहेत त्यांच्यासाठी ते चांगले करणे थांबवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

ही सेवा घेऊ पाहणाऱ्या सोसायट्यांनी काही तयारी स्वतः केली पाहिजे. वर्गवारीसाठी छप्पर असलेली जागा, हात धुण्यासाठी नळ आणि ढकलगाडी ठेवायला कोपरा या किमान गोष्टी आहेत. लिफ्ट वापरण्यास मनाई करणारी पाटी आमच्या एका इमारतीत पहिले वर्षभर होती, आणि 32 पायऱ्या अधिक चढून भरलेल्या बादल्या खाली आणाव्या लागत असताना त्या दोघींनी एकदाही तक्रार केली नाही. तक्रार आली नाही म्हणून आम्ही ती पाटी काढली नाही, ही आमची चूक होती. संस्थेचे समन्वयक प्रत्येक प्रभागात असतात आणि सुरुवातीच्या बैठकीला येऊन रहिवाशांना वर्गवारी समजावून सांगतात; त्या बैठकीला प्रत्येक घरातून निदान एका माणसाने, शक्य तर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माणसाने, हजर राहावे. दोघींची नावे आणि दूरध्वनी क्रमांक आम्ही प्लंबर आणि वायरमन यांच्या नावांबरोबर प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहिले आहेत.

सेवेच्या दर्जाविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे: नियमितपणा, वर्गवारी आणि प्रामाणिकपणा या तिन्ही बाबतींत, याआधी आम्ही घेतलेल्या सेवेशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. माझ्या आईची हरवलेली सोन्याची बुगडी सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून काढून मावशींनी परत आणून दिली, ही गोष्ट मी येथे गुण म्हणून मोजत नाही, कारण ती मोजली तर त्यांच्याकडून वेगळे काही अपेक्षित होते असा अर्थ निघेल.

आमच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव आहेत: शुल्कात वाढ करण्याचा, आणि पार्किंगमधील सुरक्षारक्षकांचे स्वच्छतागृह या दोघींसाठीही खुले करून त्याला आतून कडी बसवण्याचा. दुसऱ्या ठरावाला सात वर्षे लागली. दोन्ही मंजूर व्हावेत यासाठी मी प्रत्येक सदनिकेत जाऊन बोलत आहे, आणि आजपर्यंत 41 घरांनी होकार दिला आहे.